खडपावरचा भूगोल

भूगोलाच्या पुस्तकात एक आकृती असायची. समुद्रात घुसलेलं जमिनीचं टोक, त्याच्या पायथ्याशी लाटांनी कोरलेली गुहा, पुढे आरपार भोक पडून झालेली कमान आणि त्याहीपुढे पाण्यात एकटाच उभा असलेला खांब. सागरी गुहा, सागरी कमान, सागरी स्तंभ. ‘आकृती काढून भागांना नावे द्या’ हा प्रश्न हमखास यायचा आणि घाटकोपरच्या आमच्या मराठी शाळेतली मुलं ती आकृती झोपेतही काढू शकली असती. त्यातल्या बहुतेकांनी लाट खडकावर आपटताना कधी पाहिली नव्हती.

मुंबईची मुलं आणि समुद्र पाहिला नाही, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. पण घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड या पट्ट्यातल्या माणसांचा समुद्र म्हणजे ठाण्याची खाडी. पूर्वेला रेल्वेलाइन ओलांडून गेलं की मिठागरं लागायची, त्यापलीकडे तिवरं आणि त्यापलीकडे चिखल. भरती आली तरी ती आवाज न करता यायची. पश्चिमेला उघडे डोंगर होते आणि डोंगरात दगडाच्या खाणी. असल्फा, चांदिवली, पवई या बाजूला सुरुंग उडाला की वर्गाच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची आणि शिकवणाऱ्या बाई क्षणभर थांबायच्या. आमच्या लहानपणी खडक फुटण्याचा आवाज हा असा होता. समुद्रही खडक फोडतो, तोही रोज, हे आम्ही फक्त पाठ केलेलं होतं.

भूगोलाच्या बाईंना ते बोचत असावं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, मी सातवीत असताना, त्यांनी आमची सहल मढला न्यायचं ठरवलं. सहल म्हणजे राणीची बाग, नेहरू तारांगण किंवा आरे कॉलनी, असा तेव्हाचा रिवाज. मढ म्हटल्यावर पालकांनी विचारलं, तिथे पाहण्यासारखं काय आहे? बाई म्हणाल्या, दगड.

दिवस कसा ठरवला तेही सांगायला हवं, कारण आज ते कोणी करत नाही. बाईंनी कॅलेंडरवरची तिथी पाहिली. किनाऱ्यावरच्या लोकांचा हिशेब सोपा आहे : तिथीला पाऊणनं गुणायचं, जे येईल ती पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. पंचमी असेल तर पावणेचार. त्याच्या सहाएक तास आधी, म्हणजे सकाळी पावणेदहाच्या सुमारास ओहोटी पूर्ण लागलेली. पौर्णिमा-अमावास्येला मुंबईत दुपारी बाराच्या आसपास समुद्र भरलेला असतो, तेव्हा मुलांना खडकावर नेण्यात अर्थ नाही. म्हणून डिसेंबरातली एक पंचमी. हा हिशेब बाईंनी फळ्यावर मांडला. पंचांग हे फक्त उपवासाचं आणि मुहूर्ताचं पुस्तक नाही हे मला त्या दिवशी कळलं.

घाटकोपरहून वर्सोवा तेव्हा दूरच होतं. नकाशावर पाहिलं तर साष्टी बेट पूर्व-पश्चिम ओलांडायचं, एवढंच. पण रेल्वे उत्तर-दक्षिण धावते. म्हणजे आधी दक्षिणेला दादरपर्यंत यायचं, पूल चढून पश्चिम रेल्वेवर जायचं, पुन्हा उत्तरेला अंधेरीपर्यंत, तिथून बेस्टची बस. पहाटे अंधारात निघालो होतो. सात बंगल्याच्या पुढे घरं विरळ होत गेली, उजव्या हाताला तिवरांचं आणि दलदलीचं रान लागलं. लोखंडवाला नावाची वस्ती पुढे त्याच बाजूला उभी राहिली. वर्सोव्याच्या धक्क्यावर बोंबलांचा वास नाकात शिरला तेव्हा वर्गातल्या शाकाहारी मुलींनी रुमाल लावले. बांबूच्या वलांडींवर बोंबील जोडीजोडीने अडकवलेले, मैदानभर. उन्हात ते कागदासारखे पांढरे दिसत होते. तिथून होडीनं खाडी ओलांडायला मोजकी मिनिटं लागतात. त्या मिनिटांत अर्धा वर्ग देवाचं नाव घेत होता.

मढच्या टोकाला किल्ला आहे. पोर्तुगीजांनी बांधलेला, वर्सोव्याचा किल्ला म्हणूनही ओळखला जाणारा. 1739 साली, चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेच्या धामधुमीत तो मराठ्यांकडे आला. बाईंनी हा इतिहास दोन वाक्यांत उरकला आणि आम्हाला खाली, पाण्याच्या दिशेनं नेलं. कोळी लोक ज्याला खडप म्हणतात, तो ओहोटीत उघडा पडलेला कातळ. काळा, पिवळट, हिरवट, मधेमधे पाण्याची डबकी. वरून कालवांचा थर, त्यामुळे पाऊल टाकलं की चपलेखाली करकर वाजायचं.

‘कमान कुठाय बाई?’ हा पहिला प्रश्न.

बाईंनी उत्तर दिलं नाही. त्यांनी आम्हाला खडकातली एक चीर दाखवली. बोट जाईल एवढी रुंद, सरळ रेषेत गेलेली. मग तिला काटकोनात छेदणारी दुसरी. मग तिसरी. थोड्या वेळानं अख्खा कातळच चौकोनांमध्ये विभागलेला दिसू लागला. लाव्हा थंड होताना आकसतो, तेव्हा या भेगा पडतात; त्यांना सांधे म्हणायचं. आपल्या या खडकांचं वय सहा-साडेसहा कोटी वर्षांचं आहे, असं बाई म्हणाल्या. दख्खनचा ज्वालामुखीचा काळ. पण मढ, मनोरी, गोराई, उत्तन या पट्ट्यातला पुष्कळसा दगड सह्याद्रीतल्या काळ्या बेसाल्टसारखा नाही. तो फिकट रंगाचा, सिलिका जास्त असलेला ट्रॅकाइट आणि रायोलाइट जातीचा आहे, हे मी पुढे वाचलं. आणि मुंबईचे सगळेच थर पश्चिमेकडे, समुद्राकडे कललेले आहेत. त्या कलत्या थरांवर लाट चढते तेव्हा ती एका मोठ्या पायरीवर चढल्यासारखी दिसते.

मग बाईंनी आम्हाला एका कपारीसमोर गप्प उभं केलं. लाट आली, कपारीत शिरली आणि आतून धप्प असा आवाज आला. लाटेच्या पुढे भेगेत हवा अडकते, पाण्याच्या रेट्यानं दाबली जाते. लाट मागे फिरली की ती हवा एकदम मोकळी होते, आणि तिच्या धक्क्यानं दगड आतून सैल होतो. त्यात लाटेबरोबर गोटे येतात, ते भिंतीला घासतात. खारं पाणी भेगेत वाळतं, मिठाचे स्फटिक फुगतात. शिंपल्यांच्या काही जाती दगडात स्वतःसाठी भोकं पाडतात. ओल, ऊन, पुन्हा ओल, दिवसातून दोनदा. आणि पावसाळ्याचे चार महिने हे सगळं कितीतरी पटींनी. टोकाच्या दोन्ही बाजूंनी एकाच सांध्यावर असं काम चालू राहिलं तर दोन कपारी मागून एकमेकींना मिळतात. त्या मिळाल्या की कमान. कमानीचं छत पडलं की उरतो तो स्तंभ. आणि स्तंभही पडला की उरतं ते सपाट खडप, ज्यावर आम्ही उभे होतो. तरंगघर्षित मंच हा शब्द पुस्तकात होता. तो शब्द पायाखाली असतो हे माहीत नव्हतं.

मढला त्या दिवशी आम्हाला पुस्तकातल्यासारखी कमान दिसली नाही. कमानीच्या आधीचं आणि नंतरचं सगळं मात्र दिसलं. आज विचार करताना वाटतं, ते जास्त मोलाचं होतं. तयार कमान पाहणारा माणूस फोटो काढून पुढे जातो. चीर पाहिलेल्या मुलाला मात्र काळाचा अंदाज येतो.

तिथे कालवं काढणाऱ्या दोन-तीन कोळणी होत्या. लहानशा लोखंडी हत्यारानं खडकावरचं शिंपलं टोचायचं, उघडायचं, आतलं मांस डब्यात टाकायचं. हात इतका सफाईचा की नजर मागे पडायची. त्यातल्या एका मावशींनी आम्हाला दोनच सूचना दिल्या. हिरव्या शेवाळावर पाय ठेवू नका आणि पाणी फिरलं की मागे वळून बघत बसू नका. भरती समोरूनच येते असं आम्हाला वाटत होतं. ती खडपाच्या खाचांतून आपल्या मागून येते आणि परतीची वाट आधी भरते, हे त्यांनी हात फिरवून दाखवलं. समुद्राचा इतका नेमका नकाशा मी नंतर कोणत्याही पुस्तकात पाहिला नाही.

*

माझं आजोळ गुहागर तालुक्यातलं. त्यामुळे हेदवीची बामणघळ मी त्या सहलीच्या आधीही पाहिली होती, पण तिच्याकडे पाहायचं कसं हे मढनं शिकवलं. हेदवीला समुद्रकाठच्या कातळात एक लांब, अरुंद चीर आहे. भरतीच्या वेळी लाट त्या चिरेत शिरते, पुढे जागा अरुंद होत जाते, आणि पाणी कोंडून उंच उसळतं. लहानपणी आजी आम्हाला तिथे काठावर जाऊ द्यायची नाही, त्या घळीच्या गोष्टी सांगून घाबरवायची. मढहून आल्यावरच्या मे महिन्यात मी आजीला सांध्यांचा आणि दाबलेल्या हवेचा पाठ ऐकवला. आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि तरीही काठावर जाऊ दिलं नाही. तिचं बरोबरच होतं.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणाही त्याच जातीची आहे. डोंगराच्या खिंडीतून पायऱ्या उतरून खाली आलं की एका बाजूला लाटांनी पोखरलेली, जाळीदार झालेली कातळभिंत आणि दुसऱ्या बाजूला सपाट मंच. ओहोटी असेल तरच ती वाट खुली. देवाची प्रदक्षिणा समुद्राच्या वेळापत्रकावर चालते, ही गोष्ट मला फार आवडते. आणि मुंबईतही मलबार पॉइंटला श्रीगुंडी नावाचा फटीचा खडक होता. त्या फटीतून पार झालं की पाप धुतलं जातं, अशी श्रद्धा. शिवाजी महाराज आणि राघोबादादा तिथे आल्याच्या कथा जुन्या इंग्रज लेखकांनी नोंदवल्या आहेत. कथांचा खरेखोटेपणा बाजूला ठेवू. पण खडकातल्या आरपार भोकाशी माणसाचं काहीतरी जुनं नातं आहे, एवढं त्यातून दिसतं. कमान पाहिली की तिच्याखालून जावंसं वाटतंच.

पुढे नोकरीच्या निमित्तानं आणि हौसेनं थोडं फिरणं झालं. अंदमानात नील बेटावर, ज्याला आता शहीद द्वीप म्हणतात, ओहोटीत चालत जाऊन पाहायची नैसर्गिक कमान आहे. तिथल्या बंगाली वसाहतकारांनी तिचं नाव हावडा ब्रिज ठेवलं. विशाखापट्टणमजवळ मंगमारिपेटाच्या किनाऱ्यावर एक आहे. दोन्ही ठिकाणी मी पुस्तकातली आकृती शोधत गेले आणि दोन्ही ठिकाणी मला मढचं खडप आठवलं. कमानी टिकत नाहीत. माल्टाच्या गोझो बेटावरची प्रसिद्ध ‘अझुर विंडो’ 8 मार्च 2017 रोजी वादळात कोसळली, खांबासकट. गालापागोसमधली डार्विनच्या नावाची कमान 17 मे 2021 ला पडली. दोन स्तंभ उरले. पाठ्यपुस्तकातली आकृती एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरकताना जगानं पाहिली. लोक हळहळले. मलाही वाईट वाटलं, पण त्या पडण्यात अन्याय नव्हता. ज्या लाटेनं घडवलं तिनंच नेलं.

आपल्याकडे जे गेलं ते लाटेनं नेलेलं नाही.

*

त्या सहलीहून परतताना आम्ही होडीनं आलो नाही. मढहून मालाडच्या रस्त्यानं बसनं आलो, एरंगळ, आक्सा, मालवणी, खरोडी असं करत. एरंगळला समुद्राकाठी सोळाव्या शतकातलं संत बोनाव्हेंचरचं चर्च आहे. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी तिथे जत्रा भरते आणि ईस्ट इंडियन व कोळी कुटुंबं मुक्कामाला येतात. खरोडी आलं तेव्हा बाईंनी खिडकीतून बोट दाखवलं. म्हणाल्या, गेटवे ऑफ इंडियाचा दगड इथला.

हे वाक्य मला त्या वेळी नीट कळलंच नाही, पण ते डोक्यात राहिलं. गेटवे म्हणजे पिवळसर खरोडी दगड आणि काँक्रीट. जॉर्ज विटेटचा आराखडा, 4 डिसेंबर 1924 ला उद्घाटन. उंची 26 मीटर. वस्तुसंग्रहालयाची इमारत, तीही विटेटचीच, कुर्ल्याचा करडा बेसाल्ट आणि मालाडचा पिवळट दगड वापरून बांधलेली. राजाबाई टॉवरला कुर्ल्याचा दगड. टपाल मुख्यालयाला कुर्ल्याचा. दक्षिण मुंबईचं जे देखणेपण पोस्टकार्डांवर छापलं जातं, ते आमच्या उपनगरांच्या डोंगरांमधून काढून नेलेलं आहे. साष्टीच्या खडकानं समुद्रकाठी एक भव्य कमान उभारली खरी. पण ती लाटांनी नाही, पाथरवटांनी. आणि ती उपनगरात नाही, अपोलो बंदरावर.

मला याचा राग नाही. उलट गेटवेखाली उभी राहिले की मला आपुलकी वाटते. 28 फेब्रुवारी 1948 ला शेवटची ब्रिटिश पलटण ज्या कमानीखालून गेली तिचा दगड मालाडचा होता, हे मला अभिमानानं सांगावंसं वाटतं. त्या दगडाला छिन्नी लावणाऱ्यांची नावं मात्र कुठल्याच शिळेवर नाहीत.

आमच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील चांदिवलीकडच्या खाणीत कामाला होते. मढच्या सहलीनंतर बाईंनी त्यांना शाळेत बोलावलं होतं. वर्गात येऊन त्यांनी पहार, सुतकी आणि पाचर दाखवली. दगडाची शीर कशी ओळखायची ते सांगितलं. ओल्या फडक्यानं पुसायचा, हळू ठोकायचा, आवाज ऐकायचा. ‘दगडाला जिथून फुटायचंय तिथूनच तो फुटतो, आपण फक्त जागा शोधायची,’ असं ते म्हणाले होते. बाई खूश झाल्या. समुद्र करतो तेच, त्याच सांध्यांवर. फरक एवढाच की समुद्राला घाई नसते.

आमच्या परिसरात याआधीही दगडाच्या सांध्यांचा असा अभ्यास झालेला आहे. अंधेरी पूर्वेची महाकाली म्हणजे कोंदिवट्याची बौद्ध लेणी, जोगेश्वरीचं सहाव्या शतकातलं प्रचंड शैव लेणं, बोरिवलीचं मंडपेश्वर. महाकाली आणि जोगेश्वरी कोरल्या आहेत त्या ज्वालामुखीच्या राखेनं आणि तुकड्यांनी बनलेल्या, कोरायला सोप्या पण झिजायलाही सोप्या खडकात. तिथल्या मूर्तींचे चेहरे आज ओळखू येत नाहीत, त्यात त्या दगडाचा मोठा वाटा आहे. एकाच बेटाच्या कातळावर लाटा, भिक्षूंसाठी राबणारे कारागीर आणि खाणवाले, अशा तीन हातांनी काम केलं. पहिल्यानं किनारा दिला, दुसऱ्यानं लेणी दिली. तिसऱ्यानं शहर दिलं, पण डोंगर घेतले.

अंधेरीच्या गिल्बर्ट हिलकडे पाहिलं की तिसऱ्या हाताचा हिशेब डोळ्यांना दिसतो. 61 मीटर उंचीचा, उभ्या खांबांनी बनलेला बेसाल्टचा सुळका. भोवतालचा सगळा डोंगर खाणींनी खाल्ला आणि गावदेवीचं देऊळ माथ्यावर घेऊन हा एक खांब उरला. समुद्रातल्या स्तंभाची आकृती मी जमिनीवर पाहिली ती तिथे. 2007 साली त्याला वारसा यादीत दुसऱ्या श्रेणीचं स्थान मिळालं, तोपर्यंत पायथ्याला झोपड्या आणि इमारती भिडलेल्या होत्या.

*

आता घाटकोपरहून वर्सोवा एकवीस-बावीस मिनिटांवर आहे. 8 जून 2014 ला मेट्रोची पहिली मार्गिका सुरू झाली, अकरा-साडेअकरा किलोमीटर, बारा स्थानकं. असल्फ्याच्या टेकडीवरची रंगवलेली घरं डब्यातून दिसतात. ज्या डोंगरांनी आम्हाला समुद्रापासून वेगळं ठेवलं होतं त्यांच्या कुशीतून गाडी सरळ पश्चिमेला जाते. आम्ही दोन रेल्वे आणि एक बस बदलून, पहाटे उठून जे अंतर कापलं ते आता थंडगार डब्यात उभ्याउभ्या संपतं. मला याचा खरोखर आनंद आहे. पूर्व उपनगरातल्या आजच्या मुलाला समुद्र पाहायला सहलीची वाट पाहावी लागत नाही.

वर्सोव्याच्या धक्क्यावर बोंबलाच्या वलांडी अजून आहेत, पण जागा आक्रसली आहे. होडीही आहे, तिच्यात आता स्कूटरसुद्धा चढतात. मढ गाव बदललं आहे, तसं ते बदलणारच होतं. बंगले आले, लग्नाचे लॉन आले, चित्रीकरणाचे सेट आले. 2023 साली हरित लवादाच्या आदेशानंतर मढ-मार्वे भागातले किनाऱ्यालगतचे बेकायदा स्टुडिओ पाडले गेले. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना 1991 ची आहे. म्हणजे कायदा असताना हे सगळं उभं राहिलं होतं. आक्साच्या पुळणीवर बांधलेल्या भिंतीवरून वाद झाला. लाट वाळूवर आली तर पसरते, तिचा जोर जिरतो. भिंतीवर आपटली तर परत फिरताना पायथ्याची वाळू घेऊन जाते. सातवीच्या मुलांना मढला अर्ध्या तासात समजलेली ही गोष्ट आहे.

आणि खडप? ते आहे. त्याच्या भेगा त्याच आहेत. माझ्या आयुष्याएवढ्या काळात त्यांच्यात जो फरक पडला असेल तो डोळ्यांना दिसणारा नाही. दिसतं ते भेगांत भरलेलं. दुधाच्या पिशव्या, थर्माकोलचे तुकडे, तुटलेल्या जाळ्यांचे नायलॉनचे गुंते, बाटलीच्या काचा. पावसाळ्यात डांबराचे गोळे येतात ते कातळाला चिकटून राहतात. ज्या कपारीत हवा दाबली जाऊन धप्प आवाज व्हायचा, तिथे प्लास्टिकचा बोळा बसलेला मी पाहिला. लाट शिरत होती आणि आवाज होत नव्हता. मी तो बोळा काढायला वाकले, तर तो पार आतपर्यंत गेलेला होता, हाताला येईना. इतका संताप मला क्वचितच आला असेल.

पण तेव्हाचं सगळं चांगलं आणि आताचं सगळं वाईट, असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी ऑक्टोबर 2015 पासून कचरा उचलायला सुरुवात केली. मार्च 2018 मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं समुद्राकडे गेली. 2017 पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी ओहोटीच्या वेळी लोकांना जुहू, कार्टर रोड, बँडस्टँड अशा किनाऱ्यांच्या खडकांवर नेतात. मी त्यांच्याबरोबर बांद्र्याला गेले आहे. ज्या डबक्यांकडे आम्ही तेव्हा पाण्याची डबकी म्हणून पाहिलं, त्यांत समुद्रफुलं, स्पंज, प्रवाळ, क्वचित ऑक्टोपस असतो, हे मला साठीकडे झुकल्यावर कळलं. आमच्या बाईंनाही ते ठाऊक नव्हतं. त्यांचं लक्ष दगडावर होतं. आजची विशीतली मुलं गुडघे टेकून, दगड न उलटवता, बोट न लावता दाखवतात आणि झाकलेलं झाकून ठेवतात. आम्ही शंख-शिंपल्यांनी खिसे भरून आणले होते. तेव्हा कोणी अडवलं नाही.

म्हणजे खडपाबद्दलचं ज्ञान वाढलं आणि खडपाची जागा कमी झाली, असं काहीतरी झालं आहे. दक्षिणेला वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूचं काम चालू आहे. वर्सोव्याहून उत्तरेला दहिसरकडे जाणाऱ्या सागरी रस्त्यासाठी हजारो तिवरांवर कुऱ्हाड येणार आहे. मढ आणि वर्सोवा जोडणाऱ्या पुलाची योजना आहे. पुलाला विरोध करताना माझी जीभ अडखळते. खाडीच्या तोंडाशी समोर दिसणाऱ्या वर्सोव्याला जमिनीवरून जायचं तर मढकरांना वीसेक किलोमीटरचा वळसा पडतो. रात्री-अपरात्री आजारी माणसाला न्यायचं असेल तर तो वळसा काय असतो ते त्यांनाच ठाऊक. पूल व्हावा. पण पूल झाला की मागोमाग काय येतं हे लोखंडवाल्याच्या दलदलीनं आपल्याला दाखवलेलं आहे. पुलाचा खांब खडपावर कुठे उतरतो, राडारोडा कुठे टाकला जातो, किनाऱ्याला संरक्षण म्हणून कातळावरच बंधारा घातला जातो का, हे प्रश्न आराखड्याच्या टप्प्यावरच विचारले पाहिजेत, आणि विचारताना समोर मढच्या कोळी बायका बसल्या पाहिजेत. भरती मागून येते हे त्यांना माहीत आहे.

खडकाळ किनाऱ्याला कोणी वाली नसतो, हे माझं जुनं दुखणं आहे. वाळूच्या चौपाटीला राजकारणी जातात, गणपती जातात, भेळवाले जातात. तिच्यासाठी भांडायला माणसं मिळतात. तिवरांसाठी आता न्यायालयात जाणारे लोक आहेत, हे फार मोठं काम आहे. पण नुसता दगड? त्याच्यावर झाड नाही, सावली नाही, बसायला सपाट जागा नाही. लोकांना तो पडीक वाटतो. म्हणून भराव घालायचा तर आधी त्याच्यावर. साष्टीच्या पश्चिम किनाऱ्यावर वांद्र्यापासून उत्तनपर्यंत वाळूच्या पुळणींमधे खडकाची जी टोकं आहेत, ती आहेत म्हणून त्या पुळणी जागेवर आहेत. टोक लाटेचा जोर अंगावर घेतं आणि दोन टोकांच्या मधल्या शांत पाण्यात वाळू साठते. खडप बुजवलं तर चौपाटीही हलते.

माझ्या माहितीतल्या काही शिक्षकांना मी गेल्या वर्षापासून मागे लागून सांगते आहे. मुलांना मढला किंवा बांद्र्याच्या बँडस्टँडला न्या. डिसेंबर ते फेब्रुवारी, चतुर्थी-पंचमीच्या आसपासचा दिवस धरा. ओहोटीची वेळ मोबाइलवर मिळते, तरी पाऊणचा हिशेब मुलांकडून एकदा करून घ्या. घाटकोपरहून सकाळच्या मेट्रोनं निघालं तर नऊपर्यंत आरामात पोहोचता. पायात बंद बूट हवेत, कारण कालवांच्या कडा चपलेच्या बाजूनं पाय कापतात. होडीत लहान मुलं मधे बसवा. तिथे गेल्यावर आधी चीर दाखवा, मग कपारीपाशी थोडा वेळ गप्प उभं राहू द्या. येताना खरोडीवरून या.